तारण, श्रद्धा व शिष्यत्व : ख्रिस्ती विचारातील

ख्रिस्ती धर्मविचारातील परस्परांशी निगडित अशा तीन मूलभूत संकल्पना. पाप व मृत्यू यांच्या बंधनातून सुटून मनुष्य ईश्वराशी पुन्हा जोडला जाणे म्हणजे तारण. ही सुटका ईश्वराने येशू ख्रिस्ताच्या द्वारे घडवून आणली आहे, असा भरवसा ठेवून ती स्वीकारणे म्हणजे श्रद्धा आणि त्या येशूच्या मागे चालून आपले जीवन त्याच्या जीवनासारखे घडविणे म्हणजे शिष्यत्व, असे या तीन संकल्पनांचे स्थूल स्वरूप सांगता येईल. तारण ही ईश्वराची देणगी आहे, ते केवळ मनुष्याच्या पुण्याईचे फळ नव्हे, हे बहुतेक सर्व प्रमुख ख्रिस्ती पंथांना मान्य आहे. त्याचबरोबर शिष्याला आपला क्रूस उचलावा लागतो, प्रसंगी घरदार व प्राणही सोडावे लागतात, ही येशूची शिकवणही सर्वांना मान्य आहे. मग जे विनामूल्य मिळते त्यासाठी सर्वस्वाचे मोल का द्यावे लागावे आणि मोल द्यावे लागत असेल, तर ती देणगी कशी, असा प्रश्न उभा राहतो. ख्रिस्ती तारणविचाराचा इतिहास हा बव्हंशी या एका प्रश्नाला दिल्या गेलेल्या उत्तरांचा इतिहास आहे. ही उत्तरे केवळ पंडितांच्या वादापुरती राहिली नाहीत. त्यांवरून चर्च दुभंगले, राज्याराज्यांत वैर निर्माण झाले आणि अनेकांना प्राणास मुकावे लागले.

संज्ञा व अर्थ : ‘जुन्या करारा’त तारणासाठी येणारी हिब्रू क्रियापदे मुख्यतः संकटातून सोडविणे या अर्थाची आहेत. इस्राएल लोकांची ईजिप्तच्या दास्यातून झालेली सुटका हे तेथे तारणाचे आदर्श उदाहरण होय. तारणाचा हा मूळ अर्थ ऐहिक व सामुदायिक असून केवळ मरणोत्तर गतीपुरता मर्यादित नाही. ‘येशू’ हे नावही याच अर्थाच्या हिब्रू धातूशी संबंधित आहे. ‘नव्या करारा’तील ‘सोतेरिया’ या ग्रीक शब्दात सुटका, सुरक्षितता व आरोग्य या अर्थच्छटा एकत्र आलेल्या आहेत. येशूने रोग्यांना बरे केल्याच्या कथांतही याच शब्दकुलातील क्रियापद वापरलेले आढळते. श्रद्धेसाठी आलेला ‘पिस्तिस’ हा शब्द विश्वास, भरवसा, तसेच इमान वा निष्ठा या अर्थांचा वाचक आहे. शिष्याला ‘माथेतेस’ म्हणजे शिकणारा असे म्हटले आहे. परंतु येशूचे शिष्य त्याच्याजवळ राहून आणि त्याच्यामागे फिरून शिकत असल्याने शिकणे व मागे चालणे हे दोन्ही अर्थ या शब्दात एकरूप झाले.

मराठीतील ‘तारण’ हा शब्द तरून जाणे, पैलतीरी नेणे या अर्थाच्या संस्कृत ‘तॄ’ धातूपासून आलेला आहे. व्यवहारात मात्र कर्जासाठी गहाण ठेवलेल्या वस्तूलाही तारण म्हणतात. पापी मनुष्याच्या सुटकेसाठी ख्रिस्ताने स्वतःचे प्राण खंडणी म्हणून दिले, या ‘नव्या करारा’तील कल्पनेशी हा दुसरा अर्थही योगायोगाने जुळतो. मोक्ष व तारण यांत मात्र फरक आहे. मोक्षाची कल्पना जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याशी निगडित आहे. ख्रिस्ती तारणाचा रोख पापामुळे दुरावलेला ईश्वर व मनुष्य यांच्यातील संबंध पुन्हा जुळण्यावर असून त्याची परिणती पुनरुत्थान व देवाचे राज्य यांत होते, असे मानले जाते.

‘नव्या करारा’तील शिकवण : शुभवर्तमानांत देणगी व मोल हे दोन्ही पक्ष शेजारीशेजारी आढळतात. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात सर्व संपत्ती उडवून परतलेल्या मुलाला बाप काहीही न विचारता घरात घेतो. मंदिरात प्रार्थनेस गेलेल्या दोघांच्या दृष्टांतात आपल्या व्रतांची यादी सांगणारा परूशी नव्हे, तर दयेची याचना करणारा जकातदार ईश्वराला मान्य होतो. याउलट सार्वकालिक जीवनाचा मार्ग विचारणाऱ्या श्रीमंत मनुष्याला येशू सर्व काही विकून गरिबांना देण्यास व आपल्यामागे येण्यास सांगतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो. अंतिम न्यायाच्या वर्णनात तर भुकेल्याला अन्न व उघड्याला वस्त्र दिले की नाही, हीच कसोटी सांगितलेली आहे.

या प्रश्नाला सैद्धांतिक रूप प्रथम संत पॉल याने दिले. त्यामागील निमित्त व्यावहारिक होते. यहुदी नसलेल्या ज्या लोकांनी येशूचा स्वीकार केला, त्यांनी सुंता करून घ्यावी व यहुदी नियमशास्त्र पाळावे की नाही, याविषयी आद्य ख्रिस्ती समाजात वाद निर्माण झाला. इ. स. सु. ४९ मध्ये जेरूसलेम येथे भरलेल्या बैठकीत सुंतेची सक्ती करू नये असे ठरले. नंतरच्या काळात गलतीकर व रोमकर यांना लिहिलेल्या पत्रांत पॉलने असे प्रतिपादन केले, की नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, तर श्रद्धेने मनुष्य ईश्वरापुढे नीतिमान ठरतो. यासाठी त्याने अब्राहामाचा दाखला दिला. अब्राहामाची सुंता होण्यापूर्वीच त्याचा विश्वास ईश्वराने नीतिमत्त्व म्हणून गणला होता. म्हणून सुंता न झालेल्यांनाही तो पित्याच्या ठिकाणी आहे, असा पॉलचा युक्तिवाद आहे.

‘याकोबाच्या पत्रा’त हाच अब्राहाम विरुद्ध बाजूचा साक्षीदार म्हणून येतो. आपला पुत्र इसहाक याला वेदीवर ठेवण्यास तो सिद्ध झाला, या कृतीने त्याची श्रद्धा पूर्णत्वास गेली. कृतीवाचून श्रद्धा निर्जीव होय, असे तेथे सांगितले आहे. या दोन लेखनांत खरा विरोध आहे की ती भिन्न प्रश्नांना दिलेली उत्तरे आहेत, याविषयी मतभेद आहेत. पॉलच्या पुढे प्रश्न होता तो ख्रिस्ती समाजात प्रवेश कोणाला मिळावा हा. याकोबाच्या पत्रापुढे आहे तो सभेत श्रीमंताला मानाची जागा देणाऱ्या व गरिबाला पायाशी बसविणाऱ्या श्रद्धावंतांचा. पॉलनेही प्रेमाच्या द्वारे कार्य करणारी श्रद्धाच महत्त्वाची मानली आहे. तथापि अब्राहामाच्या या दोन चित्रांतील ताण पुढील सर्व इतिहासात कायम राहिला.

आद्य चर्च व हौतात्म्य : रोमन साम्राज्यातील पहिल्या तीन शतकांत शिष्यत्वाचे मोल शब्दशः द्यावे लागण्याचा संभव असे. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी अँटिऑकचा बिशप इग्नेशिअस याला देहदंडासाठी रोमकडे नेत असता त्याने वाटेत लिहिलेल्या पत्रांत, आपण आता कुठे शिष्य होऊ लागलो आहोत, अशी भावना व्यक्त केली आहे. सम्राट डीशसने इ. स. २५० च्या सुमारास सर्व प्रजेला देवांपुढे बळी अर्पण करून तसे प्रमाणपत्र घेण्याची आज्ञा दिली. अशी काही प्रमाणपत्रे ईजिप्तमध्ये पपायरसवर लिहिलेली सापडली आहेत. छळ ओसरल्यावर, भीतीने बळी अर्पण केलेल्यांना चर्चमध्ये परत घ्यावे काय, हा बिकट प्रश्न उद्भवला. कठोर पक्षाचा त्यास विरोध होता. कार्थेजचा बिशप सिप्रिअन याने प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेण्याचा मार्ग काढला; तो स्वतः २५८ मध्ये हौतात्म्य पावला. शिष्यत्वात उणा पडलेल्यालाही तारणाची आशा आहे काय, या प्रश्नाचे हे एक महत्त्वाचे उत्तर होय.

चौथ्या शतकात कॉन्स्टंटीनच्या कारकीर्दीपासून ख्रिस्ती धर्माला राजाश्रय मिळाला आणि ख्रिस्ती होणे सोपे, किंबहुना लाभाचे झाले. हौतात्म्याची जागा तेव्हा संन्यस्त जीवनाने घेतली. ईजिप्तमधील अँटनी (सु. २५१–३५६) याने श्रीमंत मनुष्याला येशूने केलेला उपदेश चर्चमध्ये ऐकून आपली जमीन सोडली व तो पुढे वाळवंटात जाऊन राहिला. त्याच्या चरित्रामुळे मठवासी जीवनाचा आदर्श सर्वत्र पसरला. तथापि यामुळे सर्वस्वत्यागाचे शिष्यत्व मूठभर संन्याशांचे आणि साधी श्रद्धा सर्वसामान्यांची, अशी दुहेरी विभागणी हळूहळू रूढ झाली.

ऑगस्टीन व पेलेजिअस : ब्रिटनमधून रोमला आलेला पेलेजिअस हा तपस्वी रोममधील ख्रिस्ती लोकांच्या शिथिल आचरणाने व्यथित झाला होता. ईश्वराने आज्ञा दिल्या आहेत त्या अर्थी त्या पाळण्याचे सामर्थ्यही मनुष्याच्या ठायी असलेच पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. सर्व काही ईश्वराच्या कृपेवर सोपविल्यास मनुष्याची नैतिक जबाबदारीच संपुष्टात येईल, अशी त्याला भीती वाटे. उत्तर आफ्रिकेतील हिपोचा बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने यास कडवा विरोध केला. स्वतःच्या वासनांशी केलेल्या दीर्घ झगड्यानंतर ३८६ मध्ये त्याचे मनःपरिवर्तन झाले होते. मनुष्याची इच्छाशक्तीच मुळात दुखावलेली असून ईश्वराच्या कृपेवाचून तिला सत्कर्माची इच्छाही होऊ शकत नाही, असे त्याने प्रतिपादन केले.

कार्थेज येथील ४१८ च्या परिषदेत पेलेजिअसची मते त्याज्य ठरली व एफेसस येथील ४३१ च्या परिषदेत त्याच्या पक्षाचा निषेध झाला. ऑरेंज येथील ५२९ च्या परिषदेने कृपेचे अग्रत्व मान्य केले. परंतु काही मनुष्ये ईश्वराने दुष्कर्मासाठीच नेमली आहेत, हे मत तिने धिक्कारले. पौर्वात्य ग्रीक चर्चमध्ये हा वाद एवढा तीव्र झाला नाही. तेथे तारण म्हणजे ईश्वरी जीवनात सहभागी होऊन मनुष्याचे क्रमशः दिव्यीकरण होणे, अशी कल्पना प्रबळ राहिली व तीत ईश्वरी कृपा आणि मानवी प्रयत्न यांचे सहकार्य गृहीत धरले गेले. भारतीय वाचकास येथे श्रीवैष्णव संप्रदायातील मर्कटन्याय व मार्जारन्याय यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. माकडिणीचे पिलू आईला स्वतः धरून राहते, तर मांजरीच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. शरणागतीत जीवाच्या प्रयत्नाला स्थान किती, हाच प्रश्न तेथेही पंथभेदास कारण झाला.

मध्ययुग : ख्रिस्ताच्या मृत्यूने तारण नेमके कसे साधते, याचा ऊहापोह मध्ययुगात झाला. कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म (सु. १०३३–११०९) याच्या मते पापामुळे ईश्वराच्या सन्मानाची जी हानी झाली, तिची भरपाई मनुष्याने करावयास हवी, पण ती करण्याचे सामर्थ्य केवळ ईश्वराचेच आहे. म्हणून ईश्वर व मनुष्य असे दुहेरी स्वरूप असलेल्या ख्रिस्तानेच ती केली. पीटर आबेलार (१०७९–११४२) याने क्रूसावरील मृत्यूत ईश्वरी प्रेमाचे दर्शन घडते व त्यामुळे मनुष्याच्या ठायी प्रतिप्रेम जागे होते, यावर भर दिला. संत टॉमस अक्वाय्नस (सु. १२२५–७४) याने श्रद्धा ही बुद्धीने दिलेली संमती असली, तरी प्रेमाने तिला आकार मिळाल्यावरच ती तारक ठरते, असे सांगून पॉल व याकोब यांच्या भूमिकांचा मेळ घातला.

सामान्य माणसाचा संबंध मात्र या तत्त्वचर्चेपेक्षा पापनिवेदनाच्या संस्काराशी अधिक येई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे आवश्यक ठरविले. पापाची क्षमा झाल्यावरही भोगावयाची राहिलेली शिक्षा कमी करून देणारी दंडमुक्तिपत्रे चर्चतर्फे दिली जाऊ लागली व पुढेपुढे ती पैसा उभारण्याचे साधन बनली. याच काळात असीसीचा संत फ्रान्सिस (सु. ११८१–१२२६) याने अपरिग्रह स्वीकारून, तर टॉमस अ केम्पिस याने ख्रिस्ताच्या अनुकरणावरील आपल्या प्रसिद्ध लॅटिन ग्रंथातून, शिष्यत्वाची जाणीव जागी ठेवली.

धर्मसुधारणा आंदोलन : मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) हा ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघातील संन्यासी होता. कितीही उपासतापास व पापनिवेदने केली, तरी आपण ईश्वराच्या न्यायाला उतरू असा विश्वास त्याला वाटेना. ‘रोमकरांस पत्रा’च्या अभ्यासातून त्याला असे उमगले, की तेथे उल्लेखिलेले ईश्वराचे नीतिमत्त्व हे मनुष्याला शिक्षा करणारे नसून श्रद्धेच्या द्वारे मनुष्याला बहाल होणारे आहे. रोम येथील संत पीटरच्या महामंदिराच्या बांधकामासाठी जर्मनीत दंडमुक्तिपत्रे विकली जात होती. त्यांचे अर्धे उत्पन्न माइन्त्सच्या आर्चबिशपचे सावकारी कर्ज फेडण्याकडे जात होते. ल्यूथरने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी याविरुद्ध आपली पंच्याण्णव विधाने मांडली. १५२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘नव्या करारा’च्या जर्मन भाषांतरात, मनुष्य श्रद्धेने नीतिमान ठरतो या पॉलच्या विधानात त्याने ‘केवळ’ हा मूळ ग्रीकमध्ये नसलेला शब्द घातला व भाषेच्या ओघासाठी आणि अर्थासाठी तो आवश्यक असल्याचे समर्थन केले. ‘याकोबाच्या पत्रा’ला मात्र त्याने गवताच्या काडीइतके हलके लेखले. अब्राहामाच्या दोन चित्रांपैकी एकाची त्याने अशी स्पष्ट निवड केली होती.

तथापि ल्यूथरने सत्कर्मे अनावश्यक मानली, असे समजणे चूक होय. झाड चांगले असले म्हणजे फळ चांगले येते. फळामुळे झाड चांगले होत नाही, असा त्याचा आशय होता. श्रद्धेमुळे निर्भय झालेला मनुष्य पुण्यसंचयाच्या हिशेबातून सुटतो आणि म्हणूनच शेजाऱ्याची सेवा निरपेक्षपणे करू शकतो, असा विचार त्याने १५२० मध्ये लिहिलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्याविषयीच्या पुस्तिकेत मांडला. मठात जाण्यापेक्षा चांभाराने व गृहिणीने आपापले काम निष्ठेने करणे हीच ईश्वरसेवा, असे सांगून त्याने शिष्यत्वाची जुनी दुहेरी विभागणीही नाकारली. जॉन कॅल्व्हिन (१५०९–६४) याने ईश्वराच्या पूर्वनियोजित निवडीचा सिद्धांत अधिक काटेकोरपणे मांडला. मात्र नीतिमान ठरणे व जीवन पवित्र होणे या दोन्ही देणग्या ख्रिस्तात एकत्रच मिळतात, यावरही त्याने भर दिला.

सुधारकांतील एका गटाला हे उत्तर अपुरे वाटले. झुरिक येथे जानेवारी १५२५ मध्ये काहींनी प्रौढ वयात पुन्हा बाप्तिस्मा घेतला व त्यांना पुनर्बाप्तिस्मावादी हे नाव पडले. तान्ह्या मुलाला श्रद्धा ठेवता येत नाही. जो समजून-उमजून ख्रिस्तामागे जाण्याचे ठरवितो, त्यालाच बाप्तिस्मा द्यावा, असे ते मानीत. त्यांच्यापैकी बहुतेक गटांनी पुढे शस्त्रधारण व शपथ वर्ज्य मानली. कॅथलिक व प्रॉटेस्टंट या दोन्ही सत्तांनी त्यांचा छळ केला. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी फेलिक्स मान्त्स याला १५२७ मध्ये झुरिकच्या प्रॉटेस्टंट नगरसभेच्या आज्ञेने लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आले. नेदर्लंड्समधील डिर्क विलेम्स हा कैदेतून निसटून पळत असता त्याचा पाठलाग करणारा शिपाई गोठलेल्या पाण्यावरील बर्फ फुटून आत पडला. विलेम्सने माघारी फिरून त्याला वाचविले. त्यामुळे तो पुन्हा पकडला गेला आणि १५६९ मध्ये त्याला जिवंत जाळण्यात आले. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा हा केवळ आदर्श नसून श्रद्धेचा गाभा आहे, ही या पंथाची भूमिका या घटनेतून स्पष्ट होते.

ट्रेंट येथील कॅथलिक परिषदेने (१५४५–६३) जानेवारी १५४७ मध्ये या विषयावर सविस्तर निर्णय दिला. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य नीतिमान ठरतो, हे मत परिषदेने पहिल्याच कलमात धिक्कारले. श्रद्धा हा तारणाचा आरंभ व मूळ होय, हेही मान्य केले. परंतु केवळ श्रद्धा पुरेशी असून कृपेशी मानवी इच्छेने सहकार्य करण्याची गरज नाही, हे मतही तिने त्याज्य ठरविले. परिषदेच्या दृष्टीने नीतिमान ठरणे म्हणजे केवळ क्षमा मिळणे नव्हे, तर अंतःकरण खरोखरच नवे होणे होय. या निर्णयानंतर उभय पक्षांतील दरी सुमारे चार शतके टिकून राहिली.

भक्तिवाद व मेथडिझम : प्रॉटेस्टंट चर्चमध्ये कालांतराने श्रद्धा म्हणजे योग्य सिद्धांतांना दिलेली संमती, असा कोरडा अर्थ रूढ झाला. त्याविरुद्ध फिलिप याकोप श्पेनर (१६३५–१७०५) याने १६७५ च्या आपल्या ग्रंथातून बायबलचे सामूहिक वाचन, प्रार्थना व आचरण यांचा पुरस्कार केला. या भक्तिवादी चळवळीतूनच १७०६ मध्ये तमिळनाडूतील तरंगंबाडी (ट्रँकेबार) येथे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी आले. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७०३–९१) याला २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत ‘रोमकरांस पत्रा’वरील ल्यूथरची प्रस्तावना ऐकत असता आपल्या तारणाची आंतरिक खात्री पटली. मात्र तेथेच न थांबता त्याने प्रेमात पूर्णत्व गाठण्याचा ध्यास आवश्यक मानला, कैदी व गरीब यांच्यात काम केले आणि १७७४ मध्ये गुलामगिरीच्या विरोधात पुस्तिका लिहिली.

गोवा व महाराष्ट्र : मराठी भाषेत ख्रिस्ती तारणकथा प्रथम विस्ताराने आणली ती फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची तारणाची पूर्वपीठिका व दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आहे. ज्या पोर्तुगीज राज्यात तो रचला गेला, तेथे देवळे पाडली गेली होती व धर्मांतरासाठी राजसत्तेचा दबाव वापरला जात होता. १५६० पासून तेथे धर्मन्यायपीठही (इन्क्विझिशन) स्थापन झालेले होते. श्रद्धा ही मुक्त मनाने द्यावयाची असेल, तर राजदंडाच्या छायेत घेतलेल्या बाप्तिस्म्याचे मोल काय, हा प्रश्न या इतिहासाने मागे ठेवला आहे.

ब्रिटिश काळात परिस्थिती बरीचशी उलट होती. बाप्तिस्मा घेणाऱ्या उच्चवर्णीय तरुणाला घर, जात व बहुधा कुटुंबही गमवावे लागे. धर्मांतरितांचा वारसाहक्क १८५० च्या एकविसाव्या कायद्याने राखला गेला. पण तुटलेले नाते कायद्याने जुळण्यासारखे नव्हते. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र अशा मनःसंघर्षाचे मराठीतील आरंभीचे चित्रण होय. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. या ताटातुटीची व मनोमन झालेल्या बदलाची हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात आली आहे. अहमदनगर (सांप्रतचे अहिल्यानगर) जिल्ह्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेल्यांच्या दृष्टीने तारणात माणूस म्हणून मिळणाऱ्या प्रतिष्ठेचाही समावेश होता.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु चर्चने सांगितलेले सर्व सिद्धांत विनाशर्त स्वीकारण्यास त्यांनी नकार दिला व त्याविषयी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शिकांशी स्पष्ट पत्रव्यवहार केला. धर्म म्हणून ख्रिस्ती मत स्वीकारणे व ख्रिस्तावर व्यक्तिशः श्रद्धा ठेवणे या दोन भिन्न गोष्टी असून दुसरीचा अनुभव आपल्याला कित्येक वर्षांनी आला, असे त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. केडगाव येथे विधवा व दुष्काळग्रस्त मुली यांच्यासाठी उभारलेल्या संस्थेला त्यांनी ‘मुक्ती’ हे नाव दिले. या नावात आत्मिक तारण आणि भूक व सामाजिक जाच यांपासूनची सुटका हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. टिळकांनीही तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत आल्याचे सांगितले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ ही संघटना काढली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य तीत एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. शिष्यत्व चर्चच्या सदस्यत्वाहून व्यापक असू शकते, हा विचार त्यांनी अशा रीतीने व्यवहारात आणण्याचा प्रयत्न केला.

विसावे शतक : ल्यूथरच्या सिद्धांताची सर्वांत कठोर अंतर्गत समीक्षा डीट्रिख बोनहोफर (१९०६–४५) या ल्यूथरपंथी धर्मवेत्त्यानेच केली. जर्मनीतील प्रॉटेस्टंट चर्चचा मोठा भाग नाझी राजवटीशी जुळवून घेत होता. राजवटीला विरोध करणाऱ्या चर्चसाठी धर्मोपदेशक तयार करणारे फिंकेनवाल्ड येथील विद्यालय बोनहोफर चालवीत असे. १९३७ मध्ये ते पोलिसांनी बंद पाडले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या शिष्यत्वावरील ग्रंथात त्याने स्वस्त कृपा व महाग कृपा असा भेद केला. पश्चात्तापावाचून क्षमा आणि शिष्यत्वावाचून कृपा वाटणे हा चर्चचा घातक शत्रू होय. कृपा विनामूल्य असली, तरी तिच्यासाठी ईश्वराला आपल्या पुत्राचे मोल द्यावे लागले आहे, म्हणून ती मनुष्यासाठीही स्वस्त असू शकत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. श्रद्धा व आज्ञापालन या दोहोंपैकी एक आधी व दुसरे मागाहून, असा क्रम लावता येत नाही, असे त्याने मानले. हिटलरविरोधी कटाशी संबंध असल्यामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) पावित्र्याचे आवाहन केवळ संन्याशांना नसून सर्व ख्रिस्तीजनांना आहे, असे सांगितले. तसेच स्वतःचा दोष नसता ज्यांना ख्रिस्ताची ओळख झालेली नाही, पण जे प्रामाणिकपणे ईश्वराचा शोध घेतात व सदसद्विवेकानुसार वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे १९६४ मध्ये जाहीर केले. पेरू देशातील गुस्ताव्हो गुत्येरेस (१९२८–२०२४) याने १९७१ मध्ये मुक्तिवादी धर्मविचाराची मांडणी करून अन्यायाखाली दबलेल्यांची सुटका हा तारणाचा अविभाज्य भाग मानला. त्यातील मार्क्सवादी विश्लेषणाच्या वापराबद्दल व्हॅटिकनने १९८४ मध्ये इशारा दिला. भारतात १९८० च्या दशकात अरविंद निर्मल यांनी दलितांच्या अनुभवातून ख्रिस्ती धर्मविचार मांडला. तारण हे केवळ आत्म्याचे नव्हे, हा ‘जुन्या करारा’तील मूळ अर्थ या विचारांतून पुन्हा पुढे आला.

पॉलच्या आकलनातही बदल झाला. ई. पी. सँडर्स याने १९७७ मध्ये असे दाखवून दिले, की पॉलच्या काळातील यहुदी धर्म हा कर्मे करून तारण मिळविण्याचा धर्म नव्हता; ईश्वराने कृपेने निवडलेल्या लोकांनी त्याच्याशी झालेल्या करारात टिकून राहण्यासाठी नियमशास्त्र पाळावयाचे, अशी त्याची धारणा होती. सोळाव्या शतकातील दंडमुक्तिपत्रांवरील टीका पहिल्या शतकातील यहुदी लोकांवर लादली गेली व त्यांच्याविषयीच्या पूर्वग्रहाला त्यामुळे बळ मिळाले, हे यामुळे अनेक अभ्यासकांना मान्य करावे लागले. ‘पिस्तिस’ या शब्दातील निष्ठा या अर्थाकडेही नव्याने लक्ष वेधले गेले असून, श्रद्धेचा अर्थ निष्ठा असा घेतल्यास ती व शिष्यत्व यांतील अंतर बरेच कमी होते.

आउग्जबुर्ग येथे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जागतिक ल्यूथरन संघ व कॅथलिक चर्च यांनी या विषयावरील संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर ख्रिस्तावरील श्रद्धेच्या द्वारे केवळ कृपेने मनुष्य ईश्वराला मान्य होतो आणि ही कृपा त्याला सत्कर्मांसाठी समर्थ करते, या सामाईक भूमिकेवर तीत एकमत नोंदविलेले आहे. निवेदनात मांडलेल्या शिकवणीला सोळाव्या शतकातील परस्परनिषेध लागू पडत नाहीत, असेही तीत म्हटले आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट व २०१७ मध्ये कॅल्व्हिनच्या परंपरेतील रिफॉर्म्ड चर्चचा जागतिक संघही या निवेदनात सहभागी झाला. पौर्वात्य ऑर्थडॉक्स चर्च या करारात नाही. धर्मगुरुपद, संस्कार व पोपचा अधिकार यांविषयीचे मतभेद या एकमताने मिटलेले नाहीत आणि काही ल्यूथरन विद्वानांनीही त्याला विरोध नोंदविला. मात्र ज्या प्रश्नावरून पश्चिमेकडील चर्च दुभंगले, तो आता त्या दुभंगाचे कारण म्हणून पुढे करता येत नाही, एवढे या निवेदनाने साधले आहे. देणगी व मोल यांतील ताण मात्र करारांनी संपण्यासारखा नाही. ‘रोमकरांस पत्र’ व ‘याकोबाचे पत्र’ एकाच ग्रंथात राहिली असल्याने तो प्रत्येक पिढीतील श्रद्धावंतांपुढे पुन्हा उभा राहतो.